मातीत पळवायला जुनी मोठी गाडी: येझदी, राजदूत 350, बुलेट की सरळ आरएक्स?

मातीवरच्या शर्यतीत गाडी पडतेच. हँडल वाकतं, लिव्हर तुटते, टाकीला पोचा येतो आणि पुढची हीट, म्हणजे शर्यतीची पुढची फेरी, तोंडावर आलेली असते. म्हणून जुनी गाडी निवडताना मी हॉर्सपॉवर नंतर बघतो. ही गाडी शनिवारी संध्याकाळी मोडली, तर वागळे इस्टेटमधला नाहीतर रबाळ्यातला लेथवाला ती रविवारपर्यंत उभी करून देईल का, हे आधी बघतो. ठाणे-नवी मुंबईत राहून जुन्या मोठ्या गाडीवर डर्ट रेस करायची असेल, तर माझ्या मते निवड इथेच अर्धी होते.

आधी एका स्वप्नाचा निकाल लावू. ‘मोठी जुनी मोटोक्रॉस’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते 1981 ची जर्मन मायको 490, यामाहाची वायझेड 465, नाहीतर होंडाची सीआर 500. यातली सीआर 500 म्हणजे 491 सीसीचा एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, साठच्या आसपास हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलो. 1984 ते 2001 अशी ती बनत राहिली. कावासाकीची केएक्स 500 तर 2004 पर्यंत. गाड्या जबरदस्त, यात वाद नाही. पण वापरलेली गाडी परदेशातून आणण्याचे नियम कडक आहेत. कंटेनर न्हावाशेवाला, म्हणजे अगदी आपल्या दारात उतरतो, हे खरं. पण तिथून गाडी कागदांसकट बाहेर काढणं हीच एक वेगळी शर्यत आहे. शिवाय मायको कंपनी 1983 मध्येच दिवाळखोरीत गेली. तिचा क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, गेला तर पनवेलच्या अलीकडे तुम्हाला कोणी वाली नाही. कुणाकडे आयती उभी असेल तर नमस्कार करा आणि पुढे चला.

आता आपल्या मातीतल्या गाड्या. कागदावर राजदूत 350 सगळ्यांना खाते. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी 350 वरून 1983 मध्ये ती इथे आणली: 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. हाय टॉर्क मॉडेलला 30.5 हॉर्सपॉवर, नंतरच्या लो टॉर्कला 27 च्या आसपास. वजन दीडशे किलोच्या थोडं वर. म्हणजे हाय टॉर्कमध्ये एका हॉर्सपॉवरमागे साधारण पाच किलो. येझदी रोडकिंगला 16 हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे 140 किलो, म्हणजे एकामागे जवळपास नऊ. बुलेट 350 चे 18, वजन एकशे साठच्या पुढे. हिशेब येझदीहून थोडा वाईटच. आकड्यांवरच घ्यायची असती तर हा लेख इथे संपला असता.

पण इंजिन उघडून बघा. येझदीच्या सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर, राजदूत 350 चा 64. जवळपास सारखाच. फरक आहे स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो त्या अंतरात: येझदीचा 75, राजदूतचा 54. राजदूतचे दोन पिस्टन छोट्या स्ट्रोकमध्ये वर-खाली झपाट्याने धावतात आणि खरी ताकद साधारण पाच-सहा हजार आरपीएमच्या वर एकदम येते. पुणे हायवेवर याच क्षणासाठी लोक वेडे झाले. ओल्या मुरुमात वळणातून बाहेर पडताना मात्र हाच क्षण मागचं चाक बाजूला फेकतो. त्याच्या खाली राहिलात तर गाडी घुसमटते, वर गेलात तर घसरते. मधली जागा सापडायला हात फार मुरलेला लागतो. येझदीचा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील खालपासून ओढतात. थ्रॉटल थोडं जास्त झालं तरी चाक जागेवर फिरत न राहता माती पकडतं. नवख्याला हे पहिल्याच लॅपला कळतं.

राजदूतबद्दल दुसरी अडचण पैशांची, आणि मनाची. उत्पादन 1989 च्या सुमारास थांबलं, त्यामुळे चांगली गाडी आता संग्राहकांच्या भावात जाते, म्हणजे काही लाखांत. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवून ठेवायचे, चिखलाचं पाणी आत गेलं की दोन्ही उघडायचे. दोन्ही बाजूंनी खालून जाणारे पाइप पहिल्याच दगडाला चेपतात, आणि मूळ पाइप मिळवणं म्हणजे दिल्लीच्या करोल बागेपर्यंत फोनाफोनी. अशी गाडी मातीत आपटायची माझी तरी छाती नाही. तुमची असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा श्रीमंत आहात किंवा तरुण आहात. हायवे आणि रविवारची भेटगाठ यांसाठी ठेवा.

बुलेटचं थोडक्यात. 346 सीसी, व्यास 70 आणि स्ट्रोक 90 मिलिमीटरचं फोर-स्ट्रोक इंजिन. चढावर ते ज्या शांतपणे चढतं तसं या यादीत दुसरं काही नाही. 1948 मध्ये इटलीतल्या आंतरराष्ट्रीय सिक्स डेज शर्यतीत बुलेटवाल्यांनी सुवर्णपदकं मिळवली होती, तेव्हा वंश मातीचाच आहे. पण जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असतो. बाकी सगळ्या गाड्यांवर घडलेले तुमचे पाय घाईत उलटंच करणार. आणि पडलेली बुलेट चिखलातून एकट्याने उचलून बघा.

येझदीकडे परत येतो, कारण माझा कौल तिलाच आहे. त्यातही रोडकिंग घ्या. म्हैसूरच्या आयडियल जावाने ती 1978 पासून 1996 मध्ये कारखाना बंद होईपर्यंत बनवली. जुन्या जावा आणि येझदी क्लासिकला 16 इंची चाकं असतात, त्यांना डर्टचे गोट्यांचे, म्हणजे जाड खुंट्यांच्या नक्षीचे, टायर मिळवताना नाकीनऊ येतात. रोडकिंगची चाकं 18 इंची, त्यामुळे टायरचा प्रश्न सुटतो. चेन पूर्ण बंद कव्हरात असते. आपल्याकडच्या पावसात हा मोठा फायदा आहे, लोक वजन कमी करायला ते कव्हर काढून टाकतात ते मला पटत नाही. दोनपैकी एक सायलेन्सर काढून दोन्ही पोर्ट, म्हणजे सिलिंडरची धूर सोडणारी तोंडं, एकात आणणारेही आहेत. वजन कमी होतं खरं, पण पाइपची लांबी चुकली तर खालची ओढ जाते. मग येझदी घेतलीच कशाला?

तिच्या खोडीही सांगतो. किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. गाडी बंद पडली की दांडा आत दाबून उभा करायचा, किक मारायची आणि परत पुढे पाडायचा. मागून पाच जण येत असताना हे करायला सराव लागतो. घराच्या पार्किंगमध्ये डोळे मिटून करता आलं पाहिजे. गिअर चारच. ड्रम ब्रेक पाण्यातून गेले की काही वेळ नुसते नावाला असतात. आणि उड्या विसरा. 1981 च्या खऱ्या मोटोक्रॉस गाड्यांचं सस्पेन्शन सुमारे 300 मिलिमीटर दबायचं. आपल्या रस्त्यावरच्या या गाड्यांचं त्याच्या निम्मंही नाही. टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, येझदी उडवली की आधी फोर्क जातो, मग फ्रेमचा जोड.

‘मोठी’ हा हट्ट सोडायची तयारी असेल, तर एकच ओळ पुरे: जिंकायचंच असेल तर यामाहाची आरएक्स 135 घ्या. 132 सीसी, पाच गिअरच्या मॉडेलला 14 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरा वर. कोणत्याही गावातल्या मेकॅनिकला डोळे झाकून उघडता येते. महाराष्ट्रातल्या डर्ट ट्रॅकवर ती इतकी का दिसते, हे तिच्यामागे दोन लॅप माती खाल्ल्यावर समजतं. तिच्यासमोर येझदी वळणात टिकते, सरळ रेषेत आणि हवेत टिकत नाही. जुन्या गाड्यांचा वेगळा वर्ग प्रत्येक शर्यतीत असेलच असं नाही, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या शर्यतीचं नियमपत्रक मागवून वर्ग कसे पाडलेत ते वाचा. अधिकृत शर्यतीसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्जचं लायसन्सही लागतं.

रोडकिंग बघायला जाल तेव्हा ती थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर अर्धा तास चहा प्या आणि मग बघा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डावीकडचं क्रँकचं सील गेलंय आणि गिअरचं ऑइल आत ओढलं जातंय. उजवीकडचं सील गेलं असेल तर उलटं होतं: हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि लांब थ्रॉटलवर पिस्टन जाम होतो. ही सीलं स्वस्त आहेत, पण त्यासाठी इंजिन फोडावं लागतं, तेव्हा भाव त्या हिशेबाने पाडा. चढावर थ्रॉटल सोडून-धरून गिअर निसटतो का तेही बघा. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. जुन्या येझदीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं असणं नवीन नाही.

पेट्रोलचं एक. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. आपल्या दमट हवेत ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनाभर ठेवलं तर पाणी तळाशी बसतं, जुन्या रबराच्या नळ्या मऊ पडतात. शर्यत संपली की टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, पुढच्या वेळी मिश्रण ताजं करा.

सरावाला येऊरच्या जंगलात किंवा खारघरच्या टेकडीवर जाऊ नका. भातकापणी झाल्यावर कर्जत-मुरबाडकडे ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याचं रिकामं खाचर घ्या. बांध वाचवून गाडी चालवा, नाहीतर पुढच्या वर्षी तो फोन उचलणार नाही. दिवे काढून गोट्यांचे टायर लावलेली गाडी पामबीच रोडवरून चालवत नेणं हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे, तेव्हा छोटा हत्ती ठरवा. तो ठरवताना परतीचं भाडं आणि थांबण्याचे तास आधीच बोलून घ्या, कारण शेवटची हीट वेळेवर कधीच होत नाही.