प्रोग्रामर स्वतः जोडावा की तयार आणावा? बेळगाव भागातल्या शिकाऊंसाठी तुलना

"नववीतल्या पोराला मायक्रोकंट्रोलर शिकवायचाय, प्रोग्रामर कुठला घेऊ?" असं विचारणारे लोक बेळगावात आणि आसपासच्या तालुक्यांत आता बरेच भेटतात. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, आणि इथला प्रोग्रामर म्हणजे माणूस नव्हे, त्या चिपमध्ये कोड भरणारं उपकरण. कुणी खानापूरकडच्या मराठी हायस्कुलातले विज्ञानाचे सर असतात, कुणी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मशिनवर काम करणारा मामा, कुणी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट अडलेली मुलगी. तिघांची गरज वेगळी, खिसाही वेगळा. तरी माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला प्रोग्रामर म्हणून आर्डुइनो उनो हा शिकाऊंचा तयार बोर्ड वापरा, त्याच्या मदतीने यूएसबीएएसपी हा यूएसबीला लागणारा प्रोग्रामर स्वतः जोडा, आणि बाकीचे पर्याय हातातली चिप पाहून ठरवा. पैसे वाचवायचे म्हणून मात्र जोडायला बसू नका. एकच नग करायचा तर त्यात फारसे वाचत नाहीत.

मुळात लागतो कशाला?

आर्डुइनोचा बोर्ड यूएसबीला लावला की कोड आत जातो, मग वेगळा प्रोग्रामर कशाला, ही शंका रास्त आहे. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम आधीच भरून येतो. यूएसबीवरून आलेला कोड तो चिपच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, लिहितो. दुकानातून आणलेल्या कोऱ्या चिपमध्ये हे काहीच नसतं. तिची रीसेट पिन शून्य व्होल्टला ओढून धरायची आणि मोसी (डेटा आत), मिसो (डेटा बाहेर), एससीके (घड्याळ) या तीन तारांवरून हेक्स फाइल, म्हणजे चिपला कळणारा तयार कोड, आत ढकलायची, एवढंच प्रोग्रामरचं काम. या पद्धतीला आयएसपी म्हणतात.

कोऱ्या चिपची गरज आपल्याकडे लवकर पडते. शिवजयंतीच्या चित्ररथावर पळते दिवे लावायचे तर प्रत्येक कमानीमागे अख्खा उनो कोण ठेवेल? झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या रिकाम्या बोर्डावर, एक चिप आणि चार ट्रान्झिस्टर पुरतात. त्याहून मोठं कारण शेतातल्या मोटरचं आहे. थ्री-फेज आली की मोटर आपोआप चालू करणारा स्टार्टर हा इकडच्या बऱ्याच पोरांचा पहिला खरा प्रोजेक्ट. मोटर उचल घेताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. अशा वेळी चिप धड बंदही होत नाही आणि धड चालतही नाही; भलत्याच सूचना पाळते, ईईप्रॉम या आतल्या स्मृतीत ठेवलेली सेटिंग बिघडवते. यावर ब्राउन-आउट डिटेक्टर हा उपाय चिपमध्येच असतो: व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की चिप रीसेटमध्येच धरून ठेवायची. पण कोऱ्या एटीमेगा३२८पीत तो बंद असतो. उनोवर तो २.७ व्होल्टला लावलेला असतो, आणि पाच व्होल्टवर चालणाऱ्या स्टार्टरसाठी मी ४.३ व्होल्टची पातळी पसंत करतो. हे ठरतं फ्यूज बिट्सवर, म्हणजे चिप कशी चालावी ते ठरवणाऱ्या आतल्या सेटिंगवर, आणि फ्यूज बूटलोडरमधून बदलता येत नाहीत. त्यासाठी प्रोग्रामरच लागतो.

उनोलाच प्रोग्रामर करणं

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर उनो बहुतेक कपाटात पडलेला असतोच. नसेल तर सीएच३४० या यूएसबी चिपवाला स्वस्त क्लोनही (नक्कल बोर्डही) चालतो. आर्डुइनो आयडीई या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत आर्डुइनोआयएसपी नावाचं स्केच, म्हणजे तयार प्रोग्राम, असतं. ते उनोमध्ये टाकलं की १०, ११, १२, १३ या पिनांवर अनुक्रमे रीसेट, मोसी, मिसो आणि एससीके मिळतात. कोड टाकून झाल्यावर (आधी नाही, नाहीतर स्केचच चढणार नाही) उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, धन टोक रीसेटकडे. त्यामुळे संगणकाने पोर्ट उघडताच उनो स्वतःच रीसेट होण्याचं थांबतं. मेनूत "आर्डुइनो ॲज आयएसपी" हा पर्याय निवडा. शेजारी जवळजवळ त्याच नावाचा दुसरा पर्याय असतो, तो वेगळ्या उपकरणासाठी आहे. तो निवडून अर्धा तास डोकं खाजवणारे पुष्कळ.

या पद्धतीचा खरा फायदा फारसा कुणी सांगत नाही. कोरी एटीमेगा३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठने भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालते. एससीकेचा वेग चिपच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी हवा, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या आत. आर्डुइनोआयएसपीचं स्केच साधारण १६६ किलोहर्ट्झने चालतं, त्यामुळे कोरी चिप पहिल्या फटक्यात ओळखली जाते. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी "डिव्हाइस सिग्नेचर" चुकल्याचा, म्हणजे चिप ओळखता न आल्याचा, लाल संदेश दिसला नाही, तर तो दुसऱ्या दिवशी परत येतो.

तोटा जंपर वायरींचा. ब्रेडबोर्डवरून तार निसटते आणि पोरं म्हणतात, "सर, चिप मेली की!" यावर उपाय सोपा आहे. झिरो पीसीबीवर २८ पिनी सॉकेट, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपचं बाहेरचं घड्याळ), दोन २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर आणि खालून उनोत बसणाऱ्या पिना सोल्डर केल्या की कायमची टोपी तयार होते. क्रिस्टल त्यावर असलाच पाहिजे. कुणी फ्यूज बाहेरच्या क्रिस्टलचा लावून ठेवला तर चिप मेल्यासारखी वाटते, या टोपीत मात्र ती पुन्हा बोलते.

यूएसबीएएसपी: जोडलेला आणि तयार

थॉमस फिशल या जर्मन माणसाचं हे डिझाइन जीपीएल या खुल्या परवान्याखाली मोफत मिळतं. आत एक एटीमेगा८, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारे डायोड) आणि मोजके रेझिस्टर, बस. वेगळी यूएसबी चिप नाही. व्ही-यूएसबी नावाचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरून ठेवलेला प्रोग्राम, लो-स्पीड यूएसबीचे सेकंदाला १५ लाख बिट निव्वळ सॉफ्टवेअरने सांभाळतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याला ही गोष्ट उघडून दाखवण्यासारखी आहे.

जोडताना इकडे हमखास अडतं ते झेनरवर. ३.६ व्होल्टचे, अर्ध्या वॅटचे किंवा त्याहून लहान हवेत. टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणारा दुकानदार "हे जास्त दणकट आहे" म्हणत एक वॅटचा झेनर हातात ठेवतो. त्याची कपॅसिटन्स जास्त असल्याने यूएसबीचा सिग्नल बिघडतो, आणि विंडोज "अनोळखी उपकरण" म्हणत बसतं. डेटा तारांवरचे ६८ ओहमचे रेझिस्टरही "जवळचं चालेल" म्हणून भलतेच घेऊ नका.

दुसरी अडचण कोंबडी आधी की अंडं आधी अशी आहे. प्रोग्रामरमधल्या एटीमेगा८ मध्येच आधी फर्मवेअर भरावं लागतं, त्यासाठी दुसरा प्रोग्रामर हवा. इथेच वरचा उनो कामाला येतो. एकदा पहिला यूएसबीएएसपी चालू झाला की पुढच्या बोर्डावरचा सेल्फ-प्रोग्रॅमिंगचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी कडी) लावून त्यावरूनच दुसरा भरता येतो. एका शाळेतला प्रोग्रामर शेजारच्या शाळेचा भरतो, मग खर्च खऱ्या अर्थाने खाली येतो. सुटे भाग दहा जणांचे एकदम मागवले तर परवडतात. एकट्यासाठी मागवले तर कुरिअर धरून तयार क्लोनइतकेच पडतात. रेझिस्टर, सॉकेट, सोल्डर बेळगावात मिळतं. एटीमेगा८ ऑनलाइन, किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर बंगळूरच्या एसपी रोडवरून कुणी येणार असेल त्याच्या हातून.

तयार क्लोन साधारण दोन-तीनशे रुपयांत येतो, आणि घाई असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पुष्कळ क्लोनमध्ये जुनं फर्मवेअर असतं. ते एससीकेचा वेग सॉफ्टवेअरमधून बदलू देत नाही आणि एव्हीआरड्यूड हे कोड भरणारं सॉफ्टवेअर "एससीके पिरियड लावता येत नाही" अशी तक्रार करतं. इशारा निरुपद्रवी आहे, पण मूळ वेग ३७५ किलोहर्ट्झ असल्याने कोरी १ मेगाहर्ट्झची चिप सापडत नाही. तेव्हा जेपी३ हा जंपर लावायचा, वेग साधारण ८ किलोहर्ट्झवर उतरतो. जंपरच्या जागी नुसती भोकं असतील तर दोन पिना सोल्डर करा. दुसरी गोष्ट, ३.३ व्होल्टचा जंपर अनेक क्लोनवर फक्त पुरवठा बदलतो, डेटा तारा पाच व्होल्टवरच राहतात. ३.३ व्होल्टचा सेन्सर किंवा रेडिओ जोडलेल्या बोर्डावर तो तसाच लावू नका.

विंडोजवर झाडिग हे सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर बसवावा लागतो. कॉम्प्युटर लॅबचा ॲडमिन पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते सर रजेवर असले की तास तिथेच संपतो. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, फक्त परवानगीचा एक नियम लिहावा लागतो.

मग जोडायचा कशासाठी? उद्यमबागेत लेथवर नवा आलेला पोरगा आधी टूलला धार लावायला शिकतो, तसं हे आहे. स्वतः जोडलेला प्रोग्रामर बंद पडला की पोरगं मल्टिमीटर घेऊन बसतं, पार्सलची वाट बघत नाही. आणि खानापूरच्या पावसात उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो, त्यामुळे बोर्ड बंद पडतोच. फ्लक्स पुसून वर लॅकरचा हात मारला तर बराच काळ टिकतो.

८०५१ अडकलाच असेल तर

व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात, आणि त्यांच्या अभ्यासक्रमातून ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर अनेक वर्षं शिकवला गेला. त्यामुळे घरोघरी मोठ्या भावाच्या जुन्या चिपा निघतात. त्यांच्यावरचं नाव नीट वाचा. एटी८९सी५१ असेल तर नाद सोडा. तिला १२ व्होल्टचा पॅरलल प्रोग्रामर लागतो. एटी८९एस५१ किंवा एस५२ असेल तर आयएसपीने भरता येते. पुष्कळ जण यूएसबीएएसपीचा क्लोन आणि प्रोगआयएसपी हे विंडोजचं सॉफ्टवेअर वापरतात. पण एव्हीआरचा (एटीमेगा चिपा याच घराण्यातल्या) रीसेट खाली ओढायचा असतो आणि ८०५१ चा वर, हे विसरून स्वतःचं सर्किट जोडलं तर काहीच हलणार नाही. पी८९व्ही५१आरडी२ सगळ्यात सोपी: आत सीरियल बूटलोडर असतो, फ्लॅश मॅजिक सॉफ्टवेअर आणि यूएसबी-टीटीएल मॉड्यूलवर काम होतं. प्रोजेक्टला चिपची सक्ती नसेल तर मी कुणालाही आज ८०५१ वर सुरुवात करायला सांगणार नाही.

मायक्रोचिप कंपनीच्या पिक या दुसऱ्या घराण्यातल्या चिपांसाठी पिककिट २ या प्रोग्रामरचं सर्किट कंपनीने खुलं ठेवलं होतं, त्याचे क्लोन मिळतात. घरात पिक पडून असेल तरच.

जुन्या केबली

शाळेच्या अडगळीत पॅरलल पोर्टवाला (जुन्या प्रिंटर पोर्टचा) डेस्कटॉप सापडला की कुणीतरी सुचवतं, डी-२५ कनेक्टर आणि चार रेझिस्टरमध्ये प्रोग्रामर होतो. होतो, खरंच. एके काळी यापेक्षा स्वस्त काही नव्हतं. पण तो त्या एका डब्याला बांधलेला राहतो. लॅपटॉपला हा पोर्ट नसतो, आणि यूएसबी-टू-प्रिंटर केबल याला चालत नाही. सीरियल पोर्टच्या व्होल्टेजवर जगणारा पिकचा जेडीएम प्रोग्रामरही त्याच जातीचा. दोन्हींत वेळ घालवू नका.

प्रोग्रामरच नको असेल तर

२०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने अनेकांचा प्रश्नच मिटवला. बूटसेल बटण दाबून केबल लावली की पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल ओढून टाकायची. ड्रायव्हर नाही, पासवर्ड नाही. बूटरॉम चिपच्या आत कायमचा कोरलेला असल्याने चुकीच्या कोडने तो कायमचा बंद पडत नाही. सर इलेक्ट्रॉनिक्सचे नसतील आणि आठवी-नववीचा वर्ग सांभाळायचा असेल, तर मी पिकोच सुचवेन, मायक्रोपायथन या सोप्या भाषेसह. मर्यादा दोन. पिना ३.३ व्होल्टच्या, पाच व्होल्ट थेट दिलेले सोसत नाहीत. आणि आतली आरपी२०४० चिप झिरो पीसीबीवर हाताने लावण्यासारखी नाही, त्यामुळे कमानीमागच्या स्वस्त सर्किटपर्यंत हा रस्ता जात नाही.

ज्यांना एव्हीआरमध्येच पुढे जायचंय त्यांच्यासाठी एक वाट कमी लोकांना माहीत आहे. एव्हीआर१२८डीए२८ ही नवी चिप २८ पिनी डीआयपीत (सॉकेटमध्ये बसणाऱ्या आकारात) मिळते, फ्लॅश १२८ किलोबाइट, आणि ती यूपीडीआय या एकाच तारेवर भरली जाते. प्रोग्रामर म्हणजे यूएसबी-सीरियल मॉड्यूल आणि एक शॉटकी डायोड. सगळ्या पर्यायांत जोडायला सोपा आणि स्वस्त हाच. अडचण इतकीच की मराठीत सोडा, इंग्रजीतही नवशिक्यासाठी यावरचं साहित्य कमी आहे. अडलात तर विचारायला माणूस मिळणार नाही, उनोसाठी तो गल्लीत मिळतो.

कुणी काय घ्यावं

हायस्कुलातल्या सरांनी: हाताशी उनो असेल तर वरची सॉकेटवाली टोपी, नसेल तर पिको. यूएसबीएएसपी जोडण्याचा कार्यक्रम दुसऱ्या सत्रात, दहा जणांचा गट करून. उद्यमबागेतल्या मामांनी: भाच्याला उनो आणि सुट्या भागांची पिशवी, सोल्डर कसं मारायचं ते तुम्ही शिकवा. डिप्लोमाच्या मुलीने: तयार क्लोन आजच मागवावा, सबमिशन झाल्यावर जोडायला वेळच वेळ आहे. मोटर स्टार्टर करणाऱ्याने: प्रोग्रामर कुठलाही चालेल, पण ब्राउन-आउटचा फ्यूज लावल्याशिवाय डबा शेतात नेऊ नये.

कुठलाही घ्या, केबलच्या टोकाचा कनेक्टर तपासा. यूएसबीएएसपीला दहा पिनी येतो, आर्डुइनोच्या बोर्डावर सहा पिनी असतो, आणि दोन्हींत पिनांचा क्रम वेगळा आहे. ॲडॉप्टर बरोबरच मागवा. स्वतःच्या बोर्डावर नुसत्या पिना न लावता खाच असलेला बॉक्स हेडर लावा. दहा पिनी कनेक्टर उलटा घातला तर पुरवठ्याचे पाच व्होल्ट थेट मिसोच्या पिनेवर जातात.