तीन थर्मामीटर आणि एक वही : पीफापा असलेल्या मुलाच्या घरातून

ताप मोजण्याच्या साधनांची परीक्षणे बहुतेक वेळा खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेली असतात. खोके नीट आले, आकडा पटकन दिसला, पाच तारे. हे परीक्षण तसे नाही. आमच्या मुलाला पीफापा नावाचा, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा ताप येण्याचा आजार आहे. त्यामुळे काखेत धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर, कानात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि कपाळासमोर धरायची ‘गन’ ही तिन्ही साधने आम्ही एकाच मुलाच्या एकाच तापात शेजारी शेजारी ठेवून वापरलेली आहेत, आणि तीही वर्षानुवर्षे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण फरक कंपनीपेक्षा प्रकारात अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

या आजाराविषयी थोडे सांगितल्याशिवाय साधनांविषयी बोलण्यात अर्थ नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत डॉ. गॅरी मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ मुलांच्या नोंदींवरून त्याचे पहिल्यांदा वर्णन केले. तो बहुधा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत सुरू होतो. ताप ३९ ते ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या भाषेत १०२ च्या पुढे चढतो, ३ ते ६ दिवस राहतो आणि साधारण ३ ते ६ आठवड्यांनी परत येतो. सोबत घसा लाल होतो, तोंड येते, मानेत गाठी लागतात. सगळ्याच खुणा प्रत्येक वेळी दिसतात असे नाही. ताप उतरला की मूल असे ठणठणीत असते की, कालपर्यंत हेच मूल फणफणलेले होते यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसत नाही. वजन-उंची वयाप्रमाणे वाढत राहते. हा संसर्ग नव्हे, त्यामुळे तो दुसऱ्या मुलाला लागत नाही आणि अँटिबायोटिकने हटतही नाही.

पण अँटिबायोटिकने हटत नाही हे कळायलाच घरांना किती तरी काळ लागतो, आणि त्याचे कारण मजेशीर आहे. पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला जातो आणि ताप आपल्या मुदतीप्रमाणे चौथ्या-पाचव्या दिवशी आपसूक जातो. श्रेय औषधाला मिळते. पुढच्या महिन्यात पुन्हा ताप आला की ‘टॉन्सिलचा त्रास आहे’, ‘शाळेतून व्हायरल आणले’, ‘थंड पाणी प्यायला’ अशी कारणे सापडतात आणि पुन्हा नवा कोर्स सुरू होतो. मलेरिया, डेंगी, विडाल (टायफॉइडसाठीची), लघवीचे कल्चर अशा तपासण्यांची फाइल जाड होत जाते. या आजाराचे निदान करून देणारी एकच एक रक्ततपासणी नाही. तापात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) वाढलेला दिसतो आणि मधल्या काळात तो पूर्ववत होतो, हा एक मोठा धागा असतो. बाकी निदान उभे राहते ते तापाच्या आवर्तनावर आणि तसाच ताप आणणारे इतर आजार वगळण्यावर. आवर्तन सिद्ध करायला मात्र घरात विश्वासार्ह आकडे आणि तारखा लागतात. थर्मामीटरकडे मी पाहते ते या नजरेने.

सर्वांत आधी कपाळासमोर धरायच्या गनविषयी, कारण करोनाच्या काळात प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर ती दिसली आणि मग घरोघरी आली. ती स्वच्छ आहे, स्पर्श होत नाही, मूल झोपलेले असताना आकडा मिळतो. एवढे गुण मान्य करूनही या आजारासाठी ती मी कोणालाही सुचवणार नाही. ताप चढताना शरीर कातडीकडचा रक्तप्रवाह आखडते. हातपाय गार पडतात, मूल कुडकुडते, गोधडी अंगावर ओढून घेते आणि नेमक्या त्याच वेळी आतले तापमान झपाट्याने वर जात असते. गन मोजते कातडीवरची उष्णता आणि तिच्यावरून आतल्या तापमानाचा हिशेब मांडते. आमच्या मुलाला हुडहुडी भरलेली असताना गनवर ९८.९ आणि काखेत १०२.४ असे आकडे एकाच पाच मिनिटांत मिळाले आहेत. डोक्यावर पंखा चालू असला, कपाळाला घाम असला किंवा आत्ताच ओली पट्टी काढलेली असली, की आकडा आणखी भलतीकडे जातो. शिवाय तिच्यावर ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड असतात आणि घरातल्या कोणी तरी दुधाच्या पातेल्यावर प्रयोग करून मोड बदलून ठेवला, तर रात्री दोन वाजता ते कोणाच्या लक्षातही येत नाही. फाटकावर शंभर माणसे तपासायला ती ठीक असेल. ताप चढण्याची वेळ पकडायला ती निरुपयोगी आहे, आणि पीफापात तीच वेळ पकडायची असते.

कानातला इन्फ्रारेड थर्मामीटर ही वेगळी गोष्ट आहे. तो कानाच्या पडद्याची उष्णता मोजतो, आणि पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतल्याच असल्याने थंडी वाजत असतानाही तो फारसा फसत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनातही ४ आठवडे ते ५ वर्षे या वयाच्या मुलांसाठी काखेतल्या इलेक्ट्रॉनिक थर्मामीटरबरोबर तो मान्य केलेला आहे. दोन-तीन सेकंदांत आकडा मिळतो आणि चिडलेल्या, घसा दुखणाऱ्या, कोणालाही जवळ येऊ न देणाऱ्या मुलाच्या बाबतीत या दोन-तीन सेकंदांची किंमत पालकांनाच कळेल. मात्र त्याला हात बसावा लागतो. वर्षापुढच्या मुलाचा कान किंचित मागे आणि वर ओढून नलिका सरळ करावी लागते, नाही तर यंत्र पडद्याऐवजी नलिकेची भिंत मोजते आणि आकडा कमी येतो. मूल ज्या कुशीवर झोपले होते तो कान गरम झालेला असतो, म्हणून दुसऱ्या कानात मोजावे किंवा काही वेळ थांबावे. मळ असला तर पुन्हा घोळ. तान्ह्या बाळाची नलिका अरुंद असते, त्यामुळे त्याच्यासाठी हे साधन घेऊ नये. ज्या प्रकारात टोकाला प्लास्टिकची टोपी चढवावी लागते, त्यात त्या टोप्या संपत राहतात, गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत आणि हा चालू खर्च खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो. आम्ही हा थर्मामीटर रात्रीसाठी ठेवला आहे. झोपमोड न करता, ताप अजून चढतो आहे की स्थिरावला, एवढे पाहायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

आता दोन-अडीचशे रुपयांचा, टोकाला चांदीच्या रंगाची टोपी असलेला काखेतला डिजिटल थर्मामीटर. माझी पहिली पसंती यालाच. तो हळू आहे, त्याचा पडदा बारीक आहे, आणि त्याची बटणासारखी बॅटरी ऐन वेळी मान टाकते, म्हणून एक जादा आणून ठेवावी. पण एकदा रीत बसवली की तो रोज सारखेच बोलतो. काख कोरडी पुसायची, टोक बरोबर मध्यात ठेवायचे, बाहीचे कापड मध्ये येऊ द्यायचे नाही आणि हात छातीशी दाबून धरायचा. बीप वाजली म्हणजे मोजणे संपले, असा सर्वांचा समज असतो. वास्तविक बहुतेक थर्मामीटरमध्ये आकडा वाढण्याचा वेग मंदावला की बीप वाजते. वाढ थांबलेली असतेच असे नाही. बीपनंतर दोनेक मिनिटे तसाच धरला, तर आमच्याकडे अर्ध्या अंशापर्यंत फरक पडलेला दिसतो. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा थोडा कमी असतो, हेही खरे. म्हणून त्यात अंदाजाने एक अंश मिळवून लिहिण्याची पद्धत काही घरांत आहे. कृपा करून असे करू नये. जो आकडा दिसला तोच लिहावा आणि शेजारी ‘काख’ असे लिहावे. बेरीज करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

पाऱ्याचा थर्मामीटर अजून काही घरांत आहे आणि तो चुकत नाही, यावर आमच्या सासूबाईंची श्रद्धा आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाऱ्याची अशी उपकरणे बनवणे व त्यांची आयात-निर्यात २०२० पासून थांबवण्याचे ठरले आणि भारतही त्या करारात आहे. काच फुटून पारा घरंगळला की काय करायचे, हा प्रश्न तापलेल्या मुलाच्या अंथरुणात उद्भवू नये, एवढेच म्हणते.

यंत्र कोणतेही असो, वहीशिवाय त्याला किंमत नाही. आम्ही आधी भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारीच ‘ताप’ लिहीत होतो. त्याने तारखा राहिल्या, पण पान महिन्याला उलटत असल्याने दोन तापांमधले अंतर डोळ्यांसमोर एकत्र येत नव्हते. मोबाइलवरची तापाची ॲपे वापरून पाहिली. त्यांत सुंदर आलेख निघतो, मात्र नोंद ज्याच्या फोनमध्ये तोच ऑफिसला गेलेला असतो. शेवटी शंभर पानी आडव्या रेघांची वही टिकली, कारण ती औषधांच्या डब्यावरच ठेवता येते आणि आजीपासून बाबांपर्यंत कोणीही तीत लिहू शकते. तारीख, वेळ, आकडा, कुठे मोजला, कोणते औषध किती वाजता दिले, घसा, तोंड, गाठी, आणि शेवटच्या रकान्यात घरात किंवा वर्गात दुसरे कोणी आजारी आहे का. हा शेवटचा रकाना डॉक्टरांनी सुचवलेला नव्हता, पण सर्वांत बोलका तोच निघाला: तापामागून ताप, आणि त्या रकान्यात ओळीने ‘कोणी नाही’.

मुलांच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आणि अशा दाहाच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे) पहिल्यांदा गेलो तेव्हा जाड फाइल बाजूला राहिली आणि त्यांनी वही मागून घेतली. ताप सुरू झाल्याच्या तारखांवर पेन्सिलीने गोल केले, मधले दिवस मोजून समासात लिहिले. त्यानंतरचे प्रश्न त्या आकड्यांतूनच आले. ताप जर एक ते तीन दिवसांतच जाणारा असता आणि सोबत पोटदुखी किंवा छातीत दुखणे असते, तर फॅमिलिअल मेडिटेरेनियन फीव्हर या, पुन्हा पुन्हा ताप आणणाऱ्या आनुवंशिक आजाराचा विचार आधी करावा लागला असता. अंतर दर वेळी नेमके २१ दिवसांच्या आसपास भरत असेल, तर सायक्लिक न्यूट्रोपेनिया (ठरावीक अंतराने एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटण्याचा आजार) नाही ना, हे पाहायला काही आठवडे वारंवार रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. आमच्या बाबतीत दुसरी शक्यता तपासून वगळण्यात आली.

उपचारातही वहीच उपयोगी पडली. ताप चढू लागताच प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची वजनाप्रमाणे एक मात्रा द्यायची, असा आम्हाला सल्ला मिळाला, आणि या औषधाने बहुतेक पीफापाच्या मुलांचा ताप काही तासांत किंवा दिवसभरात उतरतो. आमचाही उतरला. सिरप कडू जहर असते. आमच्याकडे ते गुळांब्याच्या चमच्याशिवाय घशाखाली जात नाही. त्या दिवसाच्या नोंदीत दुपारी ४ वाजता १०३.१, रात्री ९ वाजता ९९.४ आणि त्याखाली त्याच्या बाबांच्या अक्षरात ‘रात्री ११ ला पोहे मागितले, झोपेना’ असे आहे. भूक आणि अस्वस्थपणा हे या औषधाचे ओळखीचे परिणाम आहेत. ते पुढचा ताप मात्र टाळत नाही, आणि काही मुलांमध्ये त्यामुळे तापांमधले अंतर कमी होते. आमच्या वहीत चार आठवड्यांचे तीन आठवडे झालेले स्पष्ट दिसले, आणि तेव्हा कोल्चिसिन हे औषध किंवा टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया या पुढच्या पर्यायांवर बोलणे सुरू झाले. शस्त्रक्रियेने बऱ्याच मुलांचे ताप थांबतात, सर्वांचे नाही. आणि बहुतेक मुलांचा हा त्रास वाढत्या वयाबरोबर आपसूकही जातो. त्यामुळे घाई करायची की वाट पाहायची, हे प्रत्येक घराला आपल्या डॉक्टरांबरोबर ठरवावे लागते. आम्ही सध्या वाट पाहणाऱ्यांत आहोत.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. पीफापाचे निदान झालेल्या मुलालाही डेंगी होतो, न्यूमोनिया होतो, लघवीचा संसर्ग होतो. ताप नेहमीच्या अंतराआधीच आला, खोकला लागला, अंगावर पुरळ उठले, मूल तापाच्या मानाने जास्तच मलूल वाटले, किंवा घसा-तोंड स्वच्छ असूनही ताप चढला, तर ‘हा नेहमीचाच’ म्हणून घरातली बाटली उघडू नये, विशेषतः पावसाळ्यात. स्टेरॉइडची मात्रा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आम्ही आजही देत नाही, आणि फोनवर ते पहिला प्रश्न विचारतात तो वहीतल्या आधीच्या पानांशी हा ताप जुळतो का, हाच.

तेव्हा खरेदीचा सल्ला असा. एकच घ्यायचा असेल तर काखेतला डिजिटल घ्या, आणि शक्य असल्यास त्याच प्रकारचे दोन घ्या. एक घरी आणि एक आजोळी जाणाऱ्या पिशवीत, म्हणजे सुटीतल्या नोंदी घरच्या नोंदींशी ताडून पाहता येतील. फॅरनहाइट-सेल्सिअस बदलायचे बटण असेल तर ते एकदा फॅरनहाइटवर लावून सर्वांना दाखवून ठेवा. हाताशी पैसे असतील आणि मूल सहा महिन्यांच्या पुढचे असेल, तर रात्रीसाठी कानातला घ्या. घेताना टोप्या लागतात का, लागत असतील तर त्या वेगळ्या कुठे मिळतात, हे दुकानदाराला आधी विचारा. गन घरात असेल तर राहू द्या, पण तिचा आकडा वहीत लिहू नका.