हंगेरीचा जुना नोट-नाणं सेट: माल खरा, ग्रेडिंग बोगस

ऑनलाइन एका डीलरकडून हंगेरीचा छोटा सेट मागवला, १,००० कोरोनाची (हंगेरीचं तेव्हाचं चलन) जुनी नोट आणि १९२७चं चांदीचं १ पेंगोचं (कोरोनाच्या जागी आलेलं नवं चलन) नाणं. पॅकिंग छान होतं पण नोट अनसर्क्युलेटेड, म्हणजे कधीच वापरात न आलेली कोरी, म्हणून विकलीये आणि मधोमध चक्क घडी, एक कोपराही मऊ पडलाय. तेवढ्यासाठी एक स्टार कापला.

पण नोट बघण्यासारखी आहे राव. ही बँकेची नाहीच, सरकारी नोट, कारण १९२४ पर्यंत त्यांच्याकडे स्वतःची सेंट्रल बँकच नव्हती! आणि तिच्यावरच वरून ८ फिलेर असं छापलंय. म्हणजे हजाराची नोट आणि किंमत आठ पैसे टाइप. हिशोब असा की १२,५०० कोरोनाला १ पेंगो आणि पेंगोचे १०० फिलेर, १ जानेवारी १९२७ पासून पेंगो चालू.

तेव्हा अर्थमंत्री होता यानोश बुद, १९२४ ते १९२८. मूळचा स्टॅटिस्टिक्सवाला. आता डीलरच्या लिस्टिंगमध्ये चलन सावरण्याचं सगळं श्रेय त्यालाच दिलंय ते काही पटलं नाही. त्याच्या आधी लोरांत हेगेदुशने १९२१ला नोटा छापणं थांबवून, मालमत्तेवर कर बसवून कोरोना वर खेचायला बघितला, वर्षभरही खुर्चीत टिकला नाही, मग तिबोर काल्लाईच्या काळात छपाई परत सुसाट. शेवटी राष्ट्रसंघाच्या मदतीने २५ कोटी सुवर्ण कोरोनांचं कर्ज, त्यावर लक्ष ठेवायला बॉस्टनचा वकील जेरेमाया स्मिथ, आणि एका पौंडाला ३,४६,००० कोरोना असा रेट फिक्स, हे सगळं बुद यायच्या आधीच ठरलेलं. त्याने ते नीट राबवलं, बजेट अपेक्षेपेक्षा लवकर जुळलं, हेही कमी नाही म्हणा. पुढे १९२९ला व्यापारमंत्री झाला आणि नेमकी मंदी आली, बिचारा.

नाणं मात्र एक नंबर. ५ ग्रॅम, ६४० चांदी (म्हणजे हजारात ६४० भाग शुद्ध), वरचा मुकुट अजून ठसठशीत, कडा पण शाबूत. नुसतं नाणं मिळत असेल तर तेवढंच घ्या. नोट घ्यायचीच असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून मागवा, स्कॅनमध्ये घडी दिसत नाही. ४/५.