‘जन्ममहिना आहार अहवाल’ – दोन तारे, तेही छपाईला

भाचीच्या वाढदिवसाला ताईने ऑनलाइन मागवला. किंमत 499 रुपये, गुळगुळीत कागद, वर आंब्याचा मोहोर. आत ठळक अक्षरात: ‘एप्रिलचा जन्म – अ‍ॅनोरेक्सियाचा धोका!’ अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवण टाळत जाण्याचा मानसिक आजार. पोरगी पंधरा वर्षांची. तिने ते वाचलं आणि जेवताना आईकडे बघून म्हणाली, "बघ, माझ्या नशिबातच आहे."

मी औषधाच्या दुकानात बसते, कागदावरचं वाचायची सवय आहे. दावा हवेतला नाही. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या 1293 अ‍ॅनोरेक्सिया रुग्णांचे जन्ममहिने तपासले गेले. मार्च ते जून जन्मलेल्यांत शक्यता साधारण 15 टक्क्यांनी जास्त, सप्टेंबर-ऑक्टोबरच्यांत कमी. कारण म्हणून गरोदरपणातल्या हिवाळ्यात आईला ऊन आणि ड जीवनसत्त्व कमी मिळणं, साथीचे आजार असे अंदाज आहेत, सिद्ध काहीच नाही. आणि मुळातच दुर्मिळ आजार 15 टक्क्यांनी वाढला तरी दुर्मिळच राहतो ना! शिवाय तिकडचा हिवाळा म्हणजे दुपारी चारला अंधार. आमच्या सोलापुरात डिसेंबरातही छत्री लागते, उन्हासाठी!

यातलं एक अक्षर अहवालात नाही. शेवटच्या पानावर मात्र त्यांच्याच प्रोटीन पावडरची जाहिरात. पैसे परत मागितले तर "डिजिटल उत्पादन आहे, मॅडम". मग छापून कशाला पाठवलंत?

पोरगी जेवण टाळत असेल, वजनाचा धसका घेत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तिथे तिची जन्मतारीख फक्त केसपेपरवर लागते.