टिळकवाडीतली युनिट कन्व्हर्जनची रविवारची बॅच: फी वसूल होते, छापील शीट मात्र घेऊ नका

क्लासचं नाव लिहीत नाही, बेळगावच्या टिळकवाडीत डिप्लोमा नाहीतर पीयुसी (अकरावी-बारावी) सायन्सच्या कुठल्यापण पोराला विचारा, जिन्यापर्यंत आणून सोडतंय. रविवारी सकाळची बॅच, फी पंधराशे आणि विषय एकच, युनिट कन्व्हर्जन. आता तुम्ही म्हणणार इंचाचं सेंटीमीटर करायला पंधराशे कशाला की ओ, फोनवर फुकट होतंय. होतंय, पण सांगतो थांबा. भाचा डिप्लोमा मेकॅनिकलला आहे म्हणून त्याला घातलं, आणि पालकांना मागच्या बाकावर बसायला परवानगी आहे म्हणून मीपण बसलो, उद्यमबागेतल्या कारखान्यात इन्स्पेक्शनला असल्यामुळं मिमी, इंच, थाऊ (इंचाचा हजारावा भाग), बार, पीएसआय (ही दोन्ही प्रेशरची मापं) यातच आमचा दिवस जातोय, बघू तरी काय शिकवालेत.

सरांचा नियम एकच, आकडा एकटा लिहायचा नाही. मागं युनिट पाहिजेच. आणि गुणायचं ते फक्त अशा अपूर्णांकानं ज्याची किंमत १ आहे. १ इंच म्हणजे बरोब्बर २५.४ मिमी (१९५९ च्या करारापासून अगदी नेमकं, पुढं दशांश नाहीत), मग २५.४ मिमी भागिले १ इंच याची किंमत १ झाली आणि उलटं केलं तरी १ च. गुणायचं का भागायचं हे पाठ करायचंच नाही, जे युनिट घालवायचंय ते वर असेल तर अपूर्णांकात खाली आणायचं म्हणजे कटतंय. शेवटी पाहिजे तेच युनिट उरलं तर मांडणी बरोबर, आणि इंच वर्ग भागिले मिमी असलं काहीतरी भलतंच उरलं तर कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधीच कळतंय की कुठंतरी उलटं लिहिलंय. डायमेन्शनल ॲनालिसिस म्हणजे एवढंच, नाव ऐकून घाबरू नका.

शॉपफ्लोअरवरच्यांना यातला आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे) भाग लई आवडणार. आयटीआयला सगळ्यांनी पाठ केलेलं असतंय, हजार गुणिले कटिंग स्पीड भागिले पाय (π, ३.१४ वाला) गुणिले डायमीटर. तो हजार कुठनं आला हे कुणी सांगत नाही. सरांनी फॉर्म्युला लिहिलाच नाही. कटिंग स्पीड मिनिटाला २० मीटर, ड्रिल २५ मिमीचं, म्हणजे एका फेऱ्यात कडेचा पॉइंट पाय गुणिले २५, साधारण ७८.५४ मिमी जातोय. आता मीटर घालवायचं तर १००० मिमी भागिले १ मीटर, मिमी घालवायचं तर १ फेरा भागिले ७८.५४ मिमी, उरलं काय? फेरे भागिले मिनिट, २५५ च्या आसपास. हजार म्हणजे नुसतं मीटरचं मिमी, बाकी काय नाही त्यात.

प्रेशरचं पण तसंच. १०० पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला १०० पौंड, ते किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये करा म्हणाले. निम्म्या वर्गानं १०० पौंडांचे ४५.३६ किलो बरोबर केले, पण २.५४ नं एकदाच भागलं आणि १७.८६ आणलं. खाली चौरस इंच आहे म्हणजे २.५४ दोनदा लागतंय, ६.४५१६, उत्तर ७.०३. वर्ग कटला नाही हे कागदावर दिसतच होतं, एक इंच तसाच लोंबकळत राहिलेला. १७ किलोचा आकडा बघून आमच्या कंप्रेसरवाल्यानं पळच काढला असता.

पण खरी मजा जमिनीच्या लेक्चरला. हे आपल्या भागातच शिकवायला पाहिजे असं प्रकरण आहे, कारण शिनोळीच्या पलीकडं महाराष्ट्रात गेलं की सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर आणि अलीकडच्या बाजूला आपल्या कर्नाटकातल्या उताऱ्यावर एकर, गुंठा, आणा. एकाच घरातल्या दोन भावांची जमीन, एकाची चंदगड तालुक्यात, एकाची इकडं उचगावच्या बाजूला, आणि वाटणीला बसले की हमखास कुणीतरी म्हणतंय, आर म्हणजे गुंठाच की. नाही ओ. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि एक फूट ०.३०४८ मीटर, त्याचा वर्ग करून गुणलं की १०१.१७ चौरस मीटर. फरक टक्काभराचा, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

सरांनी फळ्यावर सातबाऱ्यावरचं १ हेक्टर २० आर घेतलं. म्हणजे १२००० चौरस मीटर. गुणिले १ फूट भागिले ०.३०४८ मीटर, ते पण दोनदा कारण चौरस आहे, मग गुणिले १ गुंठा भागिले १०८९ चौरस फूट, मग १ एकर भागिले ४० गुंठे. आलं २ एकर ३८ गुंठे आणि वर जवळजवळ १० आणे, गुंठ्याचे १६ आणे धरून. आणि आर म्हणजे गुंठा धरला असता तर? १२० गुंठे, सरळ ३ एकर. मधे गेलेला फरक १.३९ गुंठा, म्हणजे दीड हजार चौरस फुटांच्या वर. आता बेळगावात ३० बाय ४० चा प्लॉट १२०० चौरस फुटांचा असतोय, त्याचा दर काय चाललाय तुम्हाला माहीत आहे. वर्गात एकदम शांत झालं, मागं बसलेले पालक तर वही मागून घेऊन लिहून घ्यालेत. माझ्या मते हे एक लेक्चर फीच्या निम्म्या किमतीचं.

गिमलीच्या विमानाची गोष्टपण सांगतात, ती नुसती गोष्ट म्हणून नाही, आकड्यानं सोडवून घेतात म्हणून बरी वाटली. १९८३ साली एअर कॅनडाचं बोइंग ७६७, कॅनडात तेव्हा नुकतं मेट्रिक चालू झालेलं. लागणार होतं २२,३०० किलो इंधन, टाकीत होतं ७,६८२ लिटर. लिटरचं वजन काढायला त्यांनी १.७७ नं गुणलं, पण १.७७ हे लिटरला पौंड होतं, किलो धरलं तर ०.८ च्या आसपास. त्यामुळं वीस हजार लिटर घालायच्या जागी ४,९१६ लिटरच घातलं आणि विमान हवेत असताना दोन्ही इंजिनं बंद. पायलटनी ते ग्लायडरसारखं गिमलीच्या जुन्या विमानतळावर उतरवलं आणि सगळे वाचले, नशीब. १.७७ च्या मागं पौंड भागिले लिटर एवढं लिहिलं असतं तरी किलो उरत नाही हे दिसलं असतं.

आणखी एक बरं केलंय, ही पद्धत कुठं चालत नाही हे स्पष्ट सांगतात. ताप १०२ फॅरेनहाइट आहे, नुसतं ५ भागिले ९ नं गुणलं तर ५६.७ सेल्सिअस येतंय, माणूस शिजला. आधी ३२ वजा करायला लागतंय कारण दोन्ही मापांचा शून्य वेगवेगळ्या जागी आहे, मग ३८.९. पण ताप किती अंशानं उतरला एवढंच पाहिजे असेल तर ५ भागिले ९ चालतंय. तसंच पायलीभर जोंधळे किती किलो? पायली आकारमान, किलो वजन, मधे घनता नसली तर कितीपण अपूर्णांक जोडा, कटणार नाही. यावर मात्र पाच मिनिटांत उरकलं, इथं जरा थांबायला पाहिजे होतं, बाजारात सगळा घोळ इथंच असतोय.

आता तक्रारी. पहिली त्या छापील शीटची, वेगळे पैसे घेतात तिचे. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर असं छापलंय, पण ते अमेरिकन गॅलन, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, कुठला ते लिहिलेलंच नाही. एचपी (हॉर्सपॉवर) ७४६ वॅट लिहिलंय, मेट्रिक एचपी ७३५.५ असतोय त्याचा पत्ता नाही. जो माणूस दर रविवारी युनिट लिहा युनिट लिहा म्हणून ओरडालाय त्याच्या शीटवर हे बरं दिसत नाही. विचारलं तर पुढच्या छपाईला बघू म्हणाले.

दुसरं, उत्तरात किती दशांश ठेवायचे हे अगदी शेवटी घाईत. पोरं १२ मिमीच्या मापाचं उत्तर इंचात सात दशांशापर्यंत लिहालेत, आमच्याकडं ड्रॉइंगवर असं कुणी लिहून आणलं तर शिव्या खाईल. तिसरं, मेकॅनिकलवाल्यांचाच फायदा जास्त, केमिस्ट्रीच्या मोलला एकच लेक्चर, तेपण अर्धवट, केसीईटी नाहीतर नीट या प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी आधी चौकशी करा. भाषेचं टेन्शन नाही, सर मराठीत चालू करतात, कन्नडची पोरं दिसली की कन्नडमध्ये जातात, फळ्यावर इंग्रजी.

बाक अरुंद, पंखे जुने, गाडी खाली लावायला जागा नाही, जरा लांब लावून चालत या. फी एकदम भरू नका, पहिलं लेक्चर फुकट बसायला देतात. फोनवरचा कन्व्हर्टर भाचा अजून वापरतोय, फक्त आता आधी कागदावर युनिट कटतात का बघतो आणि मग आकडा ताडून घेतो. माझ्याकडनं पाचपैकी चार, शीट सुधारली तर साडेचार. जमिनीच्या लेक्चरला जायचं असेल तर आपला उतारा आणि सातबारा दोन्हीची झेरॉक्स घेऊन जा, सर सोडवून देतात.