शहराच्या प्राथमिक आरोग्यसेवेत इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदी: एक प्रणाली, अनेक प्रणाली, की निम्मा कागद?

शहरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमधला केसपेपर बंद करून इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदी आणायच्या, असे तत्त्वतः ठरले की खरा प्रश्न समोर येतो. संपूर्ण शहरासाठी एकच प्रणाली घ्यायची, की प्रत्येक केंद्राला आणि दवाखान्याला आपापली प्रणाली निवडू देऊन माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम तेवढे घालून द्यायचे, की कागद ठेवून त्यातला निवडक भागच संगणकावर न्यायचा? ज्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुख डॉक्टरांना हे ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा लिहीत आहे. तिन्ही पर्यायांची बाजू मांडताना मी स्वतःचे मतही सांगणार आहे. माझ्या मते या निवडीची कसोटी तपासणीच्या टेबलाशी लागते: रुग्ण समोर बसलेला असताना, त्याच मिनिटांत, डॉक्टरला आणि परिचारिकेला नोंद करता येते का आणि मागची नोंद सापडते का?

तुलनेची सुरुवात कागदापासून करावी लागते, कारण त्याचे गुण ठाऊक नसतील तर ते आपण नकळत गमावून बसतो. केसपेपर उघडायला पासवर्ड लागत नाही, वीज गेली तरी तो वाचता येतो, पुरळ कुठे उठले आहे हे दोन रेघांच्या आकृतीत दाखवता येते, आणि अनुभवी डॉक्टरला पान उलटताच मागच्या तीन भेटींचा अंदाज येतो. मात्र हा कागद एका वेळी एकाच ठिकाणी असतो. तपासणीच्या टेबलामागे काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पुढचे दृश्य असते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आजी खुर्चीवर बसतात, घड्या पडून विरलेल्या चिठ्ठ्यांची चळत पिशवीतून काढून टेबलावर ठेवतात, आणि डॉक्टर त्यात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, शेवटचा अहवाल शोधू लागतात. दोन अहवालांवरची तारीख पुसट झालेली असते, एका चिठ्ठीवरचे औषध दुसऱ्या दवाखान्याने थांबवले की नुसते लिहायचे राहिले हे आजींना सांगता येत नाही, आणि भेटीचा अर्धा वेळ या जुळवाजुळवीत निघून जातो.

या अडचणीचे निदान जुने आहे. लॉरेन्स वीड या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ साली समस्यानिहाय नोंदींची पद्धत मांडली. तारखांच्या क्रमाने साचत जाणाऱ्या मजकुराऐवजी प्रत्येक रुग्णाच्या समस्यांची एक यादी असावी आणि प्रत्येक नोंद त्यातल्या एखाद्या समस्येशी जोडलेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. कागदावर ही यादी ताजी ठेवणे जिकिरीचे असते, संगणकावर ते सहज जमू शकते. पुढे १९७६ साली इंडियानापोलिसमधील क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी दाखवून दिले की, संगणकाने वेळेवर आठवण करून दिली तर डॉक्टर आवश्यक ती कृती दुपटीहून अधिक वेळा करतात. डॉक्टरांचे ज्ञान तेच होते, फरक पडला तो आठवणीमुळे. दिवसाला पन्नास-साठ रुग्ण तपासणाऱ्या केंद्रासाठी इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद मला सापडलेला नाही.

एकच प्रणाली की अनेक

एकाच प्रणालीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्ण एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात गेला तरी नोंद तीच राहते, बदलीवर आलेल्या परिचारिकेला पहिल्याच दिवशी पडदा ओळखीचा वाटतो, लसीचा डोस चुकलेली बालके किंवा क्षयरोगाचे उपचार अर्धवट सोडलेले रुग्ण एकाच यादीत दिसतात, आणि काही अडले तर फोन कुणाला करायचा याबद्दल संभ्रम राहत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. पुरवठादार एकच असल्यामुळे एखादा रकाना बदलून घ्यायलाही महिनोन्‌महिने थांबावे लागते, एका ठिकाणचा बिघाड सगळ्या केंद्रांचे काम एकदम थांबवतो, आणि बहुतेक वेळा मोठ्या रुग्णालयासाठी लिहिलेले सॉफ्टवेअरच थोडे कापून प्राथमिक केंद्राच्या गळ्यात घातले जाते. मग जिथे एकही खाट नाही अशा केंद्रातल्या परिचारिकेला प्रत्येक रुग्णामागे खाटेचा रकाना ओलांडून पुढे जावे लागते.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथील कुटुंबवैद्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत आपापल्या दवाखान्यांसाठी संगणकप्रणाली निवडल्या. त्या एकमेकींपासून वेगळ्या होत्या, पण डॉक्टरांनी स्वतःच्या गरजेतून घेतलेल्या असल्यामुळे रुजल्या. २००२ साली इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी वरून आखलेला माहिती तंत्रज्ञानाचा महाकार्यक्रम सुरू झाला, त्यावर अब्जावधी पौंड खर्च झाले, आणि एकात्मिक रुग्णनोंदींचा त्याचा मुख्य भाग ठरल्याप्रमाणे उभा न राहिल्यामुळे २०११ साली तो मोडीत काढण्याचा निर्णय जाहीर झाला. यावरून ‘केंद्रीकरण वाईट’ असा सरसकट निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच कार्यक्रमातली एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमा साठवण्याची व्यवस्था टिकली, कारण तिचे काम नेमके होते आणि ते सगळीकडे सारखेच होते. उलट, दवाखान्यांच्या वेगवेगळ्या प्रणालींची किंमत रुग्णांनी मोजली. दवाखाना बदलला की संगणकातली नोंद कागदावर छापून पाठवायची आणि नव्या ठिकाणी कुणीतरी ती पुन्हा भरायची, असे तेथे वर्षानुवर्षे चालले.

म्हणजे अनेक प्रणालींचा पर्याय देवाणघेवाणीचे नियम आधी ठरलेले असतील तरच विचारात घेण्याजोगा ठरतो. त्यासाठी आज हाताशी असलेली साधने वीस वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहेत. प्रणालींनी एकमेकींशी कोणत्या रचनेत बोलावे यासाठी ‘एचएल७ फायर’ हे मानक आहे, प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या नावांसाठी ‘लॉइंक’ आहे, आणि रुग्णाच्या संक्षिप्त नोंदीत काय काय असावे याचे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ साली आयएसओने प्रसिद्ध केले आहे. त्या संक्षिप्त नोंदीत ॲलर्जी, चालू औषधे आणि सध्याच्या समस्या या गोष्टी अनिवार्य आहेत. शहरातल्या सगळ्या नोंदी एकमेकांना दिसल्याच पाहिजेत असा हट्ट धरण्यापेक्षा एवढ्या तीन गोष्टी भरवशाने दिसल्या, तर त्या आजींची पिशवी हलकी होते.

माझा कौल असा आहे: शहराच्या स्वतःच्या अखत्यारीतील केंद्रांसाठी एकच प्रणाली घ्यावी, कारण तेथील कर्मचारी आणि रुग्ण दोघेही एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जात असतात. खासगी दवाखान्यांवर मात्र ती लादू नये. त्यांनी संक्षिप्त नोंद ठरलेल्या मानकानुसार द्यावी आणि घ्यावी, एवढेच बंधन पुरेसे आहे. प्रणाली निवडताना ओपनएमआरएससारख्या मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या, रुग्णनोंदी प्रणालीचाही गांभीर्याने विचार व्हावा. २००४ साली सुरू झालेला तो प्रकल्प कमी साधनसामग्रीच्या ठिकाणांसाठीच घडवला गेला आहे. परवाना विकत घ्यावा लागत नाही म्हणून तो फुकट पडतो, हा मात्र गैरसमज आहे. तो सांभाळणारे दोन-चार जाणकार शहराला कायमचे पदरी ठेवावे लागतात.

कोणताही पर्याय घेतला तरी रुग्णाची ओळख पटवण्याचे काम सुटत नाही. एकच नाव तीन प्रकारे लिहिले जाते, जन्मतारीख अंदाजाने सांगितली जाते, घरातल्या चौघांचा फोन क्रमांक एकच असतो. यातून एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात, आणि अधिकारी त्या एकत्र करण्याच्या मागे लागतात. येथे सावध राहावे. दोन नोंदी असल्या तर माहिती अपुरी दिसते, पण दोन वेगळ्या माणसांची नोंद एक झाली तर एकाची ॲलर्जी आणि दुसऱ्याचे औषध एकाच पानावर येते, आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. नोंदी जोडण्याचा अधिकार मोजक्या प्रशिक्षित व्यक्तींकडे असावा आणि जोडलेली नोंद पुन्हा सुटी करता यावी.

नोंद कोण करणार आणि केव्हा

खरेदीच्या बैठकांमध्ये सर्वांत कमी बोलला जाणारा आणि प्रत्यक्षात सर्वांत जड जाणारा मुद्दा हा आहे. अमेरिकेतील बाह्यरुग्ण सेवेच्या २०१६ सालच्या एका पाहणीत असे आढळले की, डॉक्टर रुग्णाबरोबर घालवत असलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावरच्या नोंदींत आणि टेबलावरच्या कामात जात होते. तेथे नोंदी विम्याच्या बिलांशी बांधलेल्या असल्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इतरत्र लागू करता येणार नाहीत, पण इशारा म्हणून ते पुरेसे आहेत.

एका केंद्रात नवी प्रणाली सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मी जे पाहिले ते अजून विसरलेलो नाही. रक्तदाब मोजण्याची जागा व्हरांड्यात होती आणि संगणक आतल्या खोलीत. परिचारिका वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहून घेत आणि दुपारी ओपीडी संपल्यावर एकत्र भरत. घाईत त्यातले काही राहून जात, मग ते अंदाजाने भरले जात. महिनाअखेरीस अहवाल पाहिला तर पानेच्या पाने १३०/८० या एकाच आकड्याने भरली होती. त्या परिचारिकांना दोष देणे मला आजही योग्य वाटत नाही. संगणक कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्यांपैकी कुणीही व्हरांड्यात उभे राहून पाहिले नव्हते. रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक टॅब्लेट ठेवल्यावर आकडे पुन्हा माणसांचे दिसू लागले.

म्हणूनच पर्यायांची तुलना करताना पुरवठादाराच्या सादरीकरणावर विसंबू नये. प्रत्येक प्रणालीवर सर्दी-तापाचा एक, मधुमेहाच्या नियमित तपासणीचा एक आणि गर्भवती स्त्रीचा एक अशा तीन भेटी खऱ्या परिचारिकेकडून आणि डॉक्टरकडून नोंदवून घ्याव्यात आणि घड्याळ लावून वेळ मोजावा. मधुमेहाची पुनर्भेट नोंदवायला केसपेपरपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर इतर गुणांनी ती उणीव भरून निघत नाही.

निदान कोणत्या संकेतावलीत लिहायचे, यावरही वेळ अवलंबून असतो. रुग्णालये आयसीडी ही जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची वर्गवारी वापरतात, पण तिच्यातल्या हजारो संकेतांपैकी बहुतेक रोगाचे नाव ठरले आहे असे गृहीत धरून केलेले आहेत. प्राथमिक केंद्रात येणारी कितीतरी माणसे ‘थकवा’, ‘चक्कर’, ‘पोटात दुखते’ एवढेच घेऊन येतात आणि पहिल्या भेटीत तेवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे असते. कुटुंबवैद्यांच्या जागतिक संघटनेची आयसीपीसी ही वर्गवारी याच कामासाठी आहे. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ७०० संकेत आहेत आणि रुग्ण कशासाठी आला हेही त्यांत नोंदवता येते. वरच्या कार्यालयाला आयसीडी हवी असेल तर ते रूपांतर संगणकाने पडद्यामागे करावे.

धोक्याच्या सूचनांबद्दल एक वाक्य पुरे नाही, म्हणून दोन लिहितो. औषधांच्या सुरक्षिततेविषयीच्या सूचना डॉक्टर ४९ ते ९६ टक्के वेळा बाजूला सारतात, असे २००६ सालच्या एका आढाव्यात दिसून आले होते. सुरुवातीला ॲलर्जी, गर्भारपणात निषिद्ध औषधे आणि मोजक्या जीवघेण्या औषधजोड्या एवढ्याच सूचना चालू ठेवाव्यात, म्हणजे सूचना आली की डॉक्टरचा हात थांबेल.

निम्मा कागद

तिसऱ्या पर्यायाकडे अनेक जण तडजोड म्हणून पाहतात, मला तो सन्मानाचा वाटतो. नोंदणी, चालू औषधांची यादी, प्रयोगशाळेचे अहवाल आणि दीर्घकालीन आजारांची नोंदवही संगणकावर, तपासणीचे वर्णन केसपेपरवर. जिथे वीज आणि इंटरनेट बेभरवशाचे आहे किंवा डॉक्टर एकटेच आहेत, तिथे ही मांडणी वर्ष-दोन वर्षे निभावून नेते. तिचा दोष एकच आहे, पण तो गंभीर आहे: औषध कागदावरही लिहिले आणि संगणकावरही, तर लवकरच दोन्हींत फरक पडतो आणि कशावर विश्वास ठेवावा हे कळेनासे होते. प्रत्येक प्रकारच्या माहितीचे घर एकच असेल, हा नियम पाळता येणार नसेल तर या वाटेला जाऊ नये.

सर्व्हर स्वतःचा असावा की क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला, यावर बैठका फार वेळ खातात. ज्या शहराकडे चोवीस तास सर्व्हर सांभाळणारी माणसे नाहीत त्याने क्लाउड घ्यावा आणि प्रत्येक केंद्रात ऑफलाइन काम चालू ठेवण्याची सोय मागावी. प्रणाली बंद पडणारच नाही असे धरून चालू नये. १४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर खंडणीखोर (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि तेथील रुग्णालयांना कित्येक आठवडे कागदावर काम करावे लागले. कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा आणि तो कसा वापरायचा याची वार्षिक तालीम हा तिन्ही पर्यायांचा भाग असला पाहिजे. गोपनीयतेसाठी एस्टोनियाचा धडा घ्यावा. तेथे २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य माहिती व्यवस्था चालू आहे आणि आपली नोंद कुणी उघडून पाहिली हे नागरिकाला स्वतः पाहता येते. एचआयव्ही किंवा मानसिक आजाराची नोंद शेजारच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याला दिसेल या भीतीने माणसे उपचार टाळतात, आणि ती भीती घालवायला नुसता पासवर्ड पुरत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी एक चाचणी जरूर घ्यावी, पर्याय कोणताही असो. पुरवठादाराला शंभर काल्पनिक रुग्णांच्या नोंदी भरायला सांगाव्यात आणि त्या सगळ्या, औषधे, अहवाल आणि टिपणांसह, खुल्या मानकात बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत भरून दाखवायला सांगाव्यात. हे काम जादा शुल्काविना करून मिळेल, करार संपताना पुन्हा करून मिळेल आणि नोंदींची मालकी शहराकडेच राहील, ही कलमे त्याच करारात लिहून घ्यावीत. जो पुरवठादार ही चाचणी पुढच्या टप्प्यावर ढकलू पाहतो, त्याची निविदा बाजूला ठेवावी.