विहिरीवर काय बरं: डिझेल इंजिन की सौर पंप?

५ एचपीचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल पितं. चण्याला एक पाणी द्यायला वीस तास लागले, तर वीस लिटर गेलं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. आखातात गडबड झाली की झळ वऱ्हाडातल्या धुऱ्यापर्यंत पोहोचते.

इंजिनाची खरी अडचण उन्हाळ्यात. वर बसवलेला पंप सात-आठ मीटरपलीकडून पाणी ओढत नाही, मग इंजिन विहिरीत उतरवावं लागतं. तिथे धूर कोंडतो, जीवावर बेततं. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडूनच चालणाऱ्या सौर पंपाला ही कटकट नाही.

सौर पंपाचंही सगळं गोड नाही. ५ एचपीला सुमारे ५ किलोवॅटच्या प्लेटा लागतात, तोंड दक्षिणेला. उष्णता जास्त म्हणजे वीज जास्त, हा गैरसमज. मे महिन्यात प्लेट ६५ अंशांवर तापली की उत्पादन पंधरा-सोळा टक्के घटतं. एका प्लेटेवर बाभळीची सावली पडली तरी एकीला एक जोडलेल्या प्लेटांची अख्खी माळ मंदावते. धूळ पहाटेच धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकलं तर काच तडकू शकते.

रात्री ओलीत करायचं असेल, तर इंजिनच. पण रात्री रानडुकरांच्या वावरात जायचं कोणाला? दिवसा पाणी, तेही डिझेलविना: संत्र्याच्या बागेला ठिबक असेल तर आमचा कौल सौर पंपालाच. जुनं इंजिन मात्र लगेच विकू नका, ढगाळ आठवड्यात कामी येतं.